सहलीसाठी बाग बघताना

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो पुण्याच्या संभाजी पार्कात एका झाडाखाली पावलं मोजत होता. लांबीला बारा, रुंदीला नऊ. मग चक्क हिरवळीवर मांडी घालून बसला आणि शेजारी किती जागा उरते ते वितीनं मोजू लागला.

"बागेत प्लॉट पाडताय का?" मला राहवलं नाही. जीभ जरा तिखटच आहे माझी.

तो दचकून उठला. "न्हाई... म्हणजे, पोरं बसवतोय. साठ पोरं डबा खायला या सावलीत मावतील का, ते बघतोय."

मला हसू आवरेना. माझ्या वहीतही तेच लिहिलेलं होतं! मी दौंडच्या शाळेतली यशोधराबाई, आमच्या हेडबाईंनी सहलीसाठी बाग पसंत करायला पाठवलेली. आणि हा शिरूरच्या शाळेतला चांगदेव सर, त्याच कामावर आलेला. सत्त्याहत्तरचा डिसेंबर होता, ऊन कोवळं होतं, आणि त्याच्या शर्टाला पाठीवर गवत चिकटलं होतं. "ते झटका" म्हणून सांगावं की नको, याचा मी बराच वेळ विचार करत राहिले.

"मावतील की साठ," मी म्हणाले.

"सावली दुपारची सरकती, बाई. अजून बागा बघायला पाहिजेत." तो घुटमळला. "दोन्ही शाळांची मिळून एकच सहल काढली तर? तुमची हरकत नसेल तर... पुढच्या रविवारी?"

माझी कसली हरकत!

पुढच्या रविवारी आईनं माझ्याबरोबर भामाबाईंना धाडलं. शाळेतल्या शिपाईण, कासुर्डीच्या, तोंडाच्या फटकळ. मी दौंडहून गाडीनं जायची, तो शिरूरहून एस.टी.नं यायचा. एम्प्रेस गार्डनमधली ती थोरली झाडं, ओढ्यावरचा गारवा... मी तर तिथंच पसंतीची खूण करणार होते.

"झाडं लई मोठी आहेत," तो गंभीरपणे म्हणाला. "पोरं वर चढली तर उतरवायची कुणी?"

बंड गार्डनला नदी आडवी आली. पोरं पाण्याकडं पळतील म्हणे. पेशवे पार्कात तर कमालच केली. "वाघ डरकाळी फोडतो, बाई. घरी गेल्यावर पोरं झोपायची न्हाईत."

"सर, तुम्ही मुलगी बघायला गेलात तर काय कराल हो? मुलगी बसली, की उभं राहायला सांगाल. उभी राहिली, की म्हणाल, उंच आहे!"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग घाईघाईनं झेंडूच्या ताटव्याकडं. "तिथं... खोट काढायची वेळच येणार न्हाई."

माझे कान तापले. भामाबाई शेंगा सोलत होत्या, पण त्यांचं सगळं लक्ष आमच्याकडंच होतं.

सरळ सांगते, मी त्याच्या प्रेमात पडले होते. आठवड्याचे सहा दिवस मी नुसते ढकलायची. पण तो बोलेना. आणि घरी आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गार्ड, त्यांनी मनमाडचं स्थळ आणलं होतं. मुलगा आमच्यातलाच, शिकलेला. येत्या सोमवारी होकाराचं पत्र जायचं होतं. आमच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. चांगदेवच्या देव्हाऱ्यात खंडोबा, आणि त्याच्या आबांचं, म्हणजे वडलांचं, अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. बागेत हे कुणी विचारत नाही. गावात पहिलं तेच विचारतात.

इकडं शाळेतली मुलं "बाई, सहल कधी?" म्हणून जीव खात होती. शेवटी मीच शिरूरच्या हेडमास्तरांना पत्र घातलं, की तारीख तरी ठरवा. शनिवारी उत्तर आलं. ते वाचून मी मटकन खुर्चीत बसले.

रविवारी सारसबागेत त्यानं सुरुवात केली. "बाग झकास आहे, पण देवदर्शनाची गर्दी—"

मी पत्र त्याच्या हातात दिलं. शिरूरची सहल तीन आठवड्यांपूर्वीच होऊन गेली होती. पेशवे पार्कला! नेली होती चांगदेव सरांनीच.

"मग? वाघ बघून पोरं झोपली का?"

"झोपली," तो पुटपुटला. "तिथल्या फुलराणी गाडीत दोन फेऱ्या मारल्या."

"आणि तरी तुम्ही दर रविवारी एस.टी.त हाडं खिळखिळी करून इथं येताय?"

"बाग एकदा ठरली असती तर... संपलं असतं ना सगळं."

"मला सगळ्या पसंत होत्या हो! पहिल्यापासून!"

भामाबाईंनी शेंगांची टरफलं पदरातून झटकली. "मास्तर, बागा लई झाल्या. आता त्वांड उघडा. उद्या मनमाडला पत्र जातंय पोरीचं."

त्याला हे ठाऊकच नव्हतं. "यशोधराबाई," तो म्हणाला, "मला तुमच्याशी लग्न करायचंय."

"मला सांगून काय उपयोग? आप्पांना सांगा."

आणि खरंच, तो आमच्याबरोबर दौंडच्या गाडीत चढला. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "घरी सांगितलंय?"

"न्हाई."

"मग आधी तिकडं सांगा. चोरून न्यायला माझी लेक म्हंजी काय वस्तू हाय? तुमच्या वडलांनी माझ्या घरी यावं. आठ दिवस मी मनमाडला कळवत न्हाई."

ते आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

रविवारी दुपारी चांगदेव दारात आला. मागं तांबडं पागोटं, खांद्यावर घोंगडं. आबा! आप्पा "या" म्हणाले, पण आवाज कोरडा होता. का ते मला कळत होतं. गावातली किती माणसं आमच्याकडं कामासाठी येत, बसत, गोड बोलत. आईनं चहाचं विचारलं, की म्हणत, "नको, आत्ताच झाला." लहानपणापासून ऐकत आले होते मी ते.

आबा बाजेवर टेकले. आई दाराशी येऊन, जरा थांबून, म्हणाली, "चहा ठेवू का?"

आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"ठेवा की," आबा म्हणाले. "पर आधी पाणी दे, पोरी. घसा पार वाळलाय."

मी तांब्या आणि फुलपात्र घेऊन गेले. ओतताना थोडं सांडलंच. त्यांनी फुलपात्र तोंडाला लावून रिकामं केलं आणि पुन्हा पुढं धरलं. "आनखी."

आप्पा उठले. माझ्या हातातला तांब्या त्यांनी घेतला आणि आबांना स्वतः पाणी वाढलं.

"सोयरीक करायला आलोय," मिशा पुसत आबा म्हणाले.

"बसा निवांत," आप्पा म्हणाले, "जेवूनच जा." आणि मी आत पळाले, स्टोव्हपाशी बसून पोटभर रडले, आनंदानं.