असोद्याच्या समुद्रातला भोकाचा पैसा

“पडली! अगं, आणखी एक पडली!” प्रशील एवढ्या जोरात ओरडला, की मयुरीच्या हातातली खाऱ्या पाण्याची बादली निसटता निसटता वाचली.

टाकीच्या काचेला चिकटून बसणारी गोगलगाय वाळूवर उताणी पडली होती. मयुरीने बाही वर सारून तिला अलगद सुलटी केली. पण ती काही जागची हलेना.

जळगावजवळच्या असोद्यासारख्या केळी-कापसाच्या गावात समुद्र आणायचा, म्हणजे काय खायचं काम आहे? मयुरीने तो आणला होता! मुंबईच्या अभिमनमामाने टाकी, खडक आणि समुद्री मीठ दिलं. पुढचं सगळं तिने आणि शेजारच्या प्रशील-समीक्षा या भावंडांनी केलं. पाणी कालवलं, खारटपणा मोजला, मे महिन्याच्या उन्हात पाणी तापू नये म्हणून टाकीवर पंखा लावला. कित्येक आठवडे नुसत्या पाण्याकडे बघत बसल्यावर कुठे एक नारिंगी मासा आणि पाच गोगलगायी आल्या. येत्या रविवारी मामा पहिलं प्रवाळ आणणार होता!

पण मागच्या आठवड्यात एक गोगलगाय दगावली. मामाने फोनवर स्पष्टच सांगितलं, “हे जिवंत जीव आहेत, खेळणी नाहीत. आणखी एक मेली तर टाकी परत नेईन.”

“लाइट जाते, त्याने होत असेल,” प्रशील म्हणाला.

“मग मासा कसा मजेत आहे? बघ, खाऊन-पिऊन पुन्हा तोंड वर!” समीक्षा म्हणाली. तिला कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय पटत नसे.

इतक्यात दारातून मयुरीच्या पप्पांचा आवाज आला, “या, या, झुलालभाऊ! आमच्या मयुरीचा समुद्र बघा! आता मुंबईला जायची गरजच नाही!” योगराजपप्पांचा अभिमान नुसता उतू चालला होता. रोज नवी मंडळी यायची, काचेला नाक लावायची, हात जोडायची.

मंडळी गेल्यावर मयुरी काच घासायचं चुंबक फिरवू लागली. टक्! वाळूतून काहीतरी उडून काचेवर बसलं. रुपया! पुढे सरकवलं, तर आणखी एक!

“पप्पा, टाकीत नाणी कोण टाकतं?”

“अगं, तापीच्या पुलावर एसटी आली की आपण नाणं टाकतोच ना? मग समुद्राला नको? लोकांची श्रद्धा असते!” पप्पा हसत हसत चहा सांगायला निघून गेले.

“सापडला चोर!” प्रशीलने टाळी वाजवली. तिघांनी चुंबकाने सगळी नाणी वेचून काढली. पण संध्याकाळी पाहतात तर काय, दुसरी गोगलगाय उताणी!

समीक्षा विचारात पडली. “चुंबकाला चिकटत नाही असं एखादं नाणं असलं तर?”

मयुरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पहिल्याच दिवशी मामा म्हणाला होता, “आईच्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी टाकीत घालू नकोस. तांबं मासा एकवेळ सहन करेल, गोगलगायींना आणि प्रवाळाला ते विष!” तिने खडकांच्या फटीत बोटं घातली आणि एक हिरवट नाणं बाहेर काढलं. मधोमध भोक!

“तांब्याचा पैसा! असला पैसा आता कोणाकडे असतो?”

तिघांनी चारही गोगलगायी ताज्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत हलवल्या, हवेचा पंप सोडला, टाकीतलं बरंचसं पाणी बदललं. पण पैसे टाकणारा हात सापडल्याशिवाय काही खरं नव्हतं.

शनिवारी त्यांनी टाकीवर जाळी टाकली आणि स्टुलावर प्लॅस्टिकचं घमेलं मांडलं. त्यात खारं पाणी आणि चार शिंपले!

“काका, आजपासून समुद्राचं दर्शन इथे!” समीक्षा भाबडा चेहरा करून म्हणाली.

“वा! झकास!” पप्पा अलगद गळाला लागले. आलेल्या सगळ्यांना ते घमेल्यापुढेच उभं करू लागले.

तिघं कुलरमागे दबा धरून बसली. दुपारी घर पेंगू लागलं. तेवढ्यात काठीचा आवाज आला. कोणीतरी घमेल्यापुढे हात जोडले. टुबुक!

प्रशीलने धावत जाऊन चुंबक लावलं. नाणं चिकटलं नाही! मयुरीने वर पाहिलं. समोर तिचे आजोबा, तोताराम आबा!

“आबा, तुम्ही?”

“व्हय पोरी, म्याच. समिंदर कधी डोयानं पाह्यला नाही म्या. तो आपल्या घरी आला, मंग रिकाम्या हातानं कसं उभं राहावं? माझ्या मायनं जपलेले पैसे होते. तुझ्या समिंदराचं भलं व्हावं म्हणून रोज एक टाकत होतो.”

मयुरीला रागावताच येईना. तिने आबांचा हात धरला आणि सगळं समजावून सांगितलं. आबांचा चेहरा एवढासा झाला.

“म्हंजे म्याच ईख घातलं?”

“तांबं गोगलगायींना विष असतं, हे तुम्हाला कुठे माहीत होतं, आबा? आता तुम्हीच दाखवा, कुठे कुठे टाकलेत ते.”

आबा खुर्ची ओढून बसले आणि काठीने एकेक जागा दाखवू लागले. सगळे पैसे बाहेर निघाले! पप्पांनी डोकं खाजवलं. “आणि मी मात्र गावभर आवतणं देत फिरत होतो!”

रविवारी मामा आला. बादलीच्या कडेने चारही गोगलगायी चालत होत्या! त्याने टाकीचं पाणी तपासलं आणि तांबं शोषून घेणारी पुडी त्यात सोडली. “प्रवाळ जळगावला मित्राच्या टाकीत ठेवलंय. पाणी निर्मळ होईपर्यंत ते तिथेच राहील. पण ही टाकी इथून हलणार नाही! अरे, मोठमोठ्यांच्या टाक्या मोडीत निघालेल्या पाहिल्यात मी. तुम्ही कारण शोधलंत, आणि तेही कुणाला न दुखवता. शाबास, पोरांनो!”

मयुरीची मान ताठ झाली. प्रशील-समीक्षाचीही!

शाळा उघडायच्या आधी प्रवाळ आलं. बघायला गाव लोटला. टाकीपाशी आबा काठी घेऊन पहाऱ्याला बसले होते. “झुलाल, खिशातला हात बाहेर! समिंदराला जोडलेले हात पुरे!” सगळे खो खो हसले.

मग आबांनी कनवटीची पुरचुंडी सोडली. शेवटचा राहिलेला भोकाचा पैसा त्यांनी काळ्या दोऱ्यात ओवला होता. तो मयुरीच्या गळ्यात घालत ते म्हणाले, “समिंदराला द्यायचा होता. आता जिनं समिंदर राखला, तिला देतो.”

मयुरीने आबांना वाकून नमस्कार केला. मग बाही वर सारली, गळ्यातला पैसा काढला आणि आबांच्या हातात दिला.

“एवढा धरा हं, आबा. आता मला पाण्यात हात घालायचाय!”

आबांनी पैसा मुठीत घट्ट धरला, आणि मयुरीने प्रवाळ अलगद खडकावर ठेवलं.