गांडूळखताची बोली

"ती हिरवी वेबसाईट तुमचीच ना?"

फाटकापाशी उभ्या असलेल्या तरुणाच्या हातात प्लॅस्टिकची बादली होती. दयाने मान हलवली.

"मग ही गांडुळंही तुमचीच. घ्या."

दयाने बादलीत डोकावून पाहिलं. काळ्या मातीत सुतळीचे तुकडे पडावेत तसं काहीतरी पडलं होतं. हालचाल काहीच नाही. वास मात्र भरपूर.

"मेलीत ही."

"ते मला दिसतंय, ताई. कशानं मेली ते विचारायला आलोय."

त्याचं नाव जोशुआ भिंगारदिवे. गाव पारनेरकडचं, काम घरांवर सोलर पॅनल बसवण्याचं. वेबसाईटवर राहुरीचा उल्लेख होता, आणि राहुरीत चर्चच्या पाळकसाहेबांच्या छपराचं काम मिळालं, तेव्हा त्याने टेम्पोत पॅनलच्या शेजारी ही बादलीही ठेवली. वेबसाईटवाली पाळकसाहेबांच्या समोरच्याच घरात राहते, हे मात्र त्याला इथे आल्यावर कळलं.

दया साळवे पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालेली. इंटरनेटवर पर्यावरणाची माहिती ढिगाने पडलेली असते. त्यातली निम्मी इंग्रजीत आणि उरलेल्यातली बरीचशी थापा. म्हणून तिने खात्रीच्या साईट निवडून त्यांची मराठीत ओळख करून द्यायला सुरुवात केली होती. साईट कोण चालवतं, माहिती कधीची आहे, काय घ्यावं, काय सोडून द्यावं. एकही वाक्य न तपासता टाकायचं नाही, हा तिचा अभिमान.

"तुम्ही लिहिलंय, डबा दिवसभर ऊन लागेल असा ठेवा," जोशुआ म्हणाला. "ठेवला. मे महिन्यात. पत्र्याच्या शेडवर."

दया धावत जाऊन लॅपटॉप घेऊन आली. वाक्य तसंच होतं. मूळ साईटही चांगली होती, एका विद्यापीठाची. फक्त ते विद्यापीठ अशा देशात होतं, जिथे हिवाळ्यात दारापुढचा बर्फ फावड्याने ओढावा लागतो.

"चूक... माझी आहे," तिचा आवाज उतरला. "तिकडे गांडुळं थंडीने मरतात. म्हणून उन्हात ठेवायला सांगितलंय."

"आणि आमच्याकडं?"

"शिजतात."

जोशुआ मोठ्याने हसला. दयाला काही कळेना. जाब विचारायला आलेला माणूस असा हसतो? आणि हसताना त्याच्या डाव्या गालावर जे पडतं, त्याकडे आपण का बघतोय?

त्या दिवशी तिने प्रत्येक साईटपुढे एक नवी ओळ घातली: 'कुठल्या हवेसाठी'. पण ते ठरवायचं तर कुणीतरी करून बघायला हवं होतं.

"आमच्याइतका कोरडा भाग कुठं मिळणार तुम्हाला?" जोशुआ म्हणाला. "मी करून बघतो. फक्त काही मेलं तर बादली घेऊन येणार."

मग त्याचे मेसेज येऊ लागले, आणि अधूनमधून गांडुळं, खत न्यायला तो स्वतःही. विहिरींच्या पाण्याची पातळी दाखवणारी साईट त्याने गावच्या विहिरीत दोर सोडून ताडून पाहिली. झाडाचा फोटो टाकला की नाव सांगणाऱ्या साईटवर त्याने बांधावरची प्रत्येक काटेरी वनस्पती टाकली. बेडकांच्या आवाजांची साईट आली, तेव्हा पाऊस उघडल्यावर तळ्याकाठी बसून रेकॉर्डिंग पाठवलं. डराव डराव... आणि शेवटी त्याचा श्वास. मग एक हलकं 'हं'.

दयाने ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. बेडूक ओळखू आला. त्या 'हं'चा अर्थ कुठल्याच साईटवर नव्हता.

तसाच एक मेसेज सप्टेंबरात आला: 'शोषखड्डा खणला. न्हाणीचं पाणी मुरलं. वास नाही. तुम्ही जेवलात का?'

पहिली तीन वाक्यं तिने साईटवर नोंदवली. चौथ्याचं काय करायचं, ते कळेना.

चुलतबहीण जास्मिनने तिच्या हातातून फोन ओढून घेतला. "अगं वेडे, हा नगर ओलांडून इथवर येतो. कशाला?"

"गांडुळं न्यायला."

"गांडुळं पारनेरला मिळत नाहीत?"

"मिळत असतील... पण माझी चांगली आहेत."

"तो अजून ताई म्हणतो?"

दयाने फोन परत घेतला. "बेडकांनंतर नाही म्हणाला."

"मग झालं तर!"

"काय झालं? एक शब्द गळला, बस. एवढ्यावरून निष्कर्ष निघत नाही, जास्मिन."

पण निष्कर्ष हवा होता, आणि लवकर हवा होता. देहरादूनच्या एका संस्थेने तिला वर्षभरासाठी बोलावलं होतं. वेगवेगळ्या भाषांमध्ये अशाच साईट उभ्या करायचं काम. सोमवारी कळवायचं होतं. जावं असं वाटत होतं, आणि जाऊ नये असंही. जोशुआला फक्त साईटमध्ये रस असेल, तर प्रश्नच नव्हता. पण नसेल तर? न विचारता निघून गेले आणि नंतर कळलं तर...

सोमवारच्या आधीचा रविवार हंगामाच्या सणाचा होता. राहुरीच्या चर्चमध्ये त्या दिवशी वेदीपुढे धान्य, भाज्या, कोंबड्या, केक यांची रास पडते. ज्याच्या हाताला जे पिकलं ते तो आणतो, आणि उपासनेनंतर पटांगणात लिलाव होतो. पुकारायला योसेफकाका. त्यांचा रिवाज असा, की वस्तू कुणी दिली आणि कुणी घेतली, ती दोन्ही नावं जोडीनेच मोठ्याने पुकारायची.

दयाने गांडूळखताची पिशवी आणली होती. आणि जोशुआने? तो वाटाण्याने भरलेली पाटी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, आईला घेऊन उभा होता. त्याच्या गावात स्वतंत्र चर्च होतं, तिथेही सण होता. मग इथे का? दयाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर वळवून वाटाण्याकडे पाहिलं.

"साळव्यांच्या दयाचं खत!" योसेफकाकांनी पिशवी उचलली. "बोला!"

लिंबांच्या एका बागायतदाराने बोली लावली. जोशुआने वाढवली. बागायतदाराने पुन्हा, जोशुआने पुन्हा.

"अरे बाबा, खत हाय ते, केशर न्हाई!" कुणीतरी ओरडलं. पटांगण हसलं. जोशुआ हसला नाही. त्याचे कान तेवढे लाल झाले होते. बोली चढत राहिली, आणि शेवटी बागायतदाराने हात जोडले.

"खत दया साळवे यांचं... घेणार जोशुआ भिंगारदिवे!"

दया तडक त्याच्यापाशी गेली. "वेड लागलंय का तुम्हाला? मी हे तसंच दिलं असतं. दर वेळी देतेच ना?"

"देता."

"मग?"

"तसंच घेतलं असतं तर काकांनी पुकारलं नसतं."

"काय पुकारलं नसतं?"

"नावं." तो पिशवीची गाठ उगाचच घट्ट करू लागला. "तुमचं आणि माझं. शेजारी शेजारी. एकदा ऐकायचं होतं... आईलाही ऐकवायचं होतं."

तिला एवढं सरळ उत्तर अपेक्षितच नव्हतं.

"मला देहरादूनला बोलावलंय," ती घाईघाईने म्हणाली. "वर्षभर. उद्या कळवायचंय."

जोशुआने घट्ट केलेली गाठ पुन्हा सोडली. मग म्हणाला, "जा."

"जा?" तिला एकदम रडूच यायला लागलं. "म्हणजे तुम्हाला काहीच..."

"तसं न्हाई!" घाबरला की त्याची गावाकडची बोली बाहेर पडायची. "अहो, एवढं मोठं काम हाय ते. मी आडवा येऊ का? जावाच तुमी. मला एवढंच सांगा... नुसत्या जाणार, का माझ्या होऊन जाणार?"

तिने तोंड उघडलं.

तिकडे योसेफकाकांनी पुढची पाटी उचलली होती. "पारनेरचा वाटाणा! भिंगारदिव्यांच्या जोशुआनं आणलेला! हां, बोला!"

दयाचा हात वर गेला. तिने आकडा सांगितला, तो इतका अव्वाच्या सव्वा होता की जास्मिनने कपाळावर हात मारला. बागायतदाराने या वेळी तोंडही उघडलं नाही.

"अगं पोरी, वाटाणा हाय!" योसेफकाका म्हणाले.

"माहितेय मला. पुकारा, काका."

काकांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे पाहिलं, मग जोशुआकडे, आणि छातीत हवा भरून घेतली.

"वाटाणा जोशुआ भिंगारदिवे यांचा... घेणार दया साळवे!"

जोशुआच्या डाव्या हातातली पिशवी खाली पडली आणि खत त्याच्या नव्या चपलांवर सांडलं. त्याला पत्ताच नव्हता.

मागे बायकांत बसलेल्या चांगुणाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, पदर नीट केला आणि शेजारणीकडे वळून विचारलं, "साळव्यांचं घर कंच्या बाजूला म्हनलात?"