मुठीतली पिन

त्या तारवाल्या इअरफोनचं परीक्षण अजून का आलं नाही, हे विचारायला तुम्ही संपादक असून माझ्या घरी जिने चढून आलात, तेव्हा आता खरं सांगायलाच हवं. बसा. खुर्ची जरा जवळ ओढा, कारण पलीकडच्या खोलीत आई आहे आणि मला आवाज चढवायचा नाही. दिवा मात्र असाच राहू द्या. जास्त उजेड केला की तिच्या दारात सावल्या हलतात आणि ताई दचकते.

आमच्या धंद्याची तुम्हाला कल्पना आहेच. लोक लेख वाचतात आणि त्यांना वाटतं, हा माणूस आरामखुर्चीत पडून गाणी ऐकतो आणि वर त्याचे पैसे घेतो. ताई तर मला कानसेनच म्हणते, आणि तेही कौतुकानं नव्हे. पण मी जितक्या इअरफोनांना शिव्या घातल्यात तितक्या शेजाऱ्यांनाही घातल्या नाहीत. कुणाचा बेस डबक्यासारखा, कुणाची झांज कानात सुई टोचल्यासारखी. ‘अप्रतिम’ हा शब्द मी माझ्या लेखात आजवर एकदाही वापरलेला नाही. त्या दिवशी तो माझ्या तोंडून आपोआप निघून गेला, एवढ्यावरून काय ते समजा.

तो रविवार होता. ताई सकाळीच आली होती, आईचं सामान बांधायला. आईला झटका आल्याला वर्ष उलटून गेलं होतं. तेव्हापासून ती एक शब्द बोलली नव्हती. भरवलं की गिळायची, कुशीवर वळवलं की वळायची, आणि डोळे उघडे असले तरी ते आपल्यावर येऊन थांबायचे नाहीत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “शरीराची काळजी घ्या. आत फारसं काही उरलंय असं धरून चालू नका.” ताईनं गावाबाहेरचं एक शुश्रूषागृह पाहून ठेवलं होतं. सोमवारी सकाळी गाडी येणार होती.

“तिला काही कळत नाही रे,” ताई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. “इथे काय आणि तिथे काय. तू तरी किती दिवस असा अडकून पडणार?”

मी नको म्हणत होतो, पण कशाच्या जोरावर म्हणणार? आई आत आहे असं मला वाटायचं. वाटण्याला पुरावा नसतो. ताई हट्टाला पेटलेली आणि चेहऱ्यानं उतरलेली दिसत होती. मला वाटलं, तिलाही जड जातंय, म्हणून चिडचिड करतेय. भांडण वाढायला नको म्हणून मी माझ्या खोलीत आलो आणि तुम्ही पाठवलेलं खोकं फोडलं.

खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं. आत तारेची एक जोडी, मंचावरचे गायक-वादक कानात घालतात तसली. राळेच्या दोन काळ्या गोट्या, कानाच्या वळणाला बेतलेल्या, आणि कानामागून फिरून खाली येणारी पीळदार तार. मी रबराच्या टोप्यांचं माप बदलायला म्हणून हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. गरजच नव्हती. त्या कानात बसल्या त्या अशा, की त्या आहेत हे विसरायला झालं. बाहेरचा रस्ता गेला, पंखा गेला, ताईच्या पिशव्यांची चुरचुर गेली.

मी माझं नेहमीचं ध्वनिमुद्रण लावलं. आमच्यातला प्रत्येक जण एकच ओळखीचा तुकडा धरून बसतो, कारण नवं गाणं फसवतं, पाठ झालेलं फसवत नाही. माझा तुकडा म्हणजे एका रिकाम्या सभागृहातली तीन वाद्यांची तालीम. चेलो, पियानो आणि झांजा. तो मी इतक्या वेळा ऐकलाय की पियानोवाल्याचा बूट कधी करकरणार हेही मला ठाऊक आहे. त्या दिवशी पहिला सूर येण्याआधी मला तिघांचे श्वास ऐकू आले. तीन वेगळे श्वास, तीन वेगळ्या जागी. चेलोवाली थोडी घाबरलेली होती. त्या सभागृहाची मागची भिंत कुठे आहे ते मी बोट दाखवून सांगू शकलो असतो. मी डोळे मिटून बसून राहिलो, आणि तो मघाशी सांगितलेला शब्द तेव्हा तोंडून गेला.

आता आराम तपासायचा होता. माझी एक पद्धत आहे. इअरफोन पहिल्या गाण्याला कधीच टोचत नाहीत, ते भांडी विसळताना टोचतात. म्हणून मी गाणं बंद करतो, तारेच्या टोकाची पिन यंत्रातून उपसून शर्टाच्या खिशात टाकतो आणि तसाच घरात कामं करत फिरतो. तार कशालाच जोडलेली नसते. कानात काही ऐकू येण्याचा प्रश्नच नसतो. फार तर तार कपड्याला घासल्याची खसखस, आणि कान बंद असल्यामुळे आपलंच हृदय.

हृदय ऐकू येत होतं. मी स्वयंपाकघरात चार पेले विसळले, टेबल पुसायला वाकलो आणि खिशातली पिन टेबलावर पडली.

टक-टक-टक-टक. थोडं थांबून पुन्हा, टक-टक-टक-टक.

कुणीतरी लाकडावर बोटं वाजवत होतं. करंगळीपासून सुरू करून अंगठ्याशेजारच्या बोटापर्यंत. मी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर फडकं आणि ती पिन, बाकी काही नाही. पिन उचलली, आवाज गेला. टेकवली, आला. माझ्यातला परीक्षक लगेच कामाला लागला. फ्रिजची थरथर असेल म्हणून फ्रिज बंद केला. वरच्या मजल्यावर कुणी काही ठोकत असेल म्हणून एक गोटी कानातून काढून पाहिली. घर शांत होतं. गोटी परत घातली. टक-टक-टक-टक.

बाबा चहाची वाट बघताना असे वाजवायचे. याच टेबलावर, याच कोपऱ्यात. मी कॉलेजात असताना ते गेले.

भीती नंतर वाटली. आधी डोळे भरून आले. मी ते ओलं फडकं छातीशी धरून उभा राहिलो आणि माझ्या बापाची बोटं ऐकत राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. बाहेर ऊन उतरून भिंतीवर आलं होतं. जे एकदा वाजलं ते कुठेतरी साठून राहतं की काय, असा विचार मनात आला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला.

आई.

मी तिच्या खोलीच्या दारात जाऊन थबकलो. खिडकीचा पडदा ओढलेला, औषधाचा आणि धुतलेल्या चादरींचा वास. ताई कपाटाशी पाठमोरी. खरं सांगतो, मला परत फिरावंसं वाटत होतं. पिन तिच्या हातात ठेवली आणि काहीच ऐकू आलं नाही, तर? मग ताई बरोबर, डॉक्टर बरोबर, आणि सोमवारी गाडीत चढवायचं ते नुसतं सामान. न तपासता आशा तरी शिल्लक राहिली असती.

“काय रे?” ताईनं वळून विचारलं असावं. तिचे ओठ हलले एवढंच दिसलं.

मी पलंगापाशी बसलो, आईचा उजवा हात उलटा केला आणि तळव्यावर पिन टेकवली.

काही नाही. तिचं हृदयसुद्धा नाही. मी वाट पाहिली. ती शांतता ऐकता ऐकता मला कळेना की ही शांतता आहे की मोकळी जागा. आमच्या कामात आवाजावरून खोली मोजतात. आवाज भिंतीला लागून परततो, त्यावरून भिंत किती लांब ते कळतं. इथे मी भिंत शोधू लागलो आणि मला ती सापडेना. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, मागे तर नाहीच नाही. अमर्याद मोठं काहीतरी उघडं होतं आणि मी त्याच्या काठाशी कान लावून बसलो होतो. असा विस्तार मी कधी ऐकला नव्हता. पुढेही कुणी ऐकवणार नाही.

आणि मग, अगदी जवळ, खुर्ची सरकली.

“बोला…”

आईचा आवाज. आजारी आवाज नव्हे. आई निवृत्त होईपर्यंत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला यंत्र लावून बोर्डापुढे बसायचं, आणि दोरीच्या टोकाची पिन या भोकातून काढून त्या भोकात खुपसून माणसाला माणूस जोडून द्यायचा, हे तिचं काम. आम्ही लहान असताना तिला कामावर भेटायला जायचो तेव्हा ती आमच्याशीही त्याच आवाजात बोलायची. अदबशीर, सपाट, ज्याच्याशी वाद घालता येत नाही असा आवाज.

“नाही… आत्ता नाही जोडता येणार.”

मध्ये खंड पडला. पलीकडून कुणी काय म्हणालं ते मला ऐकू आलं नाही. त्या उघड्या जागेतून फक्त थंड हवा सरकल्यासारखं काहीतरी झालं.

“ते मघाशीच सांगितलं तुम्हाला. नंबर बरोबर आहे, पण ती रिकामी नाही… हो, मी तिची आईच बोलतेय… तुम्ही कितीही वेळा मागा. मी बोर्डावरून उठणार नाही.”

मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे छताला, ओठ मिटलेले, गालावरची सुरकुतीही हलत नव्हती. आणि आत ती ताठ बसून कुणालातरी दारातून परत पाठवत होती. वर्षभर. आम्ही तिच्या तोंडात पेज घालत होतो आणि आत काही उरलं नाही म्हणून उसासे टाकत होतो, त्या सगळ्या काळात ही बाई ड्यूटीवर होती. मला रडू येत होतं, आणि तिच्या पाया पडावंसं वाटत होतं.

ताईनं माझा खांदा हलवला. मी कानातून गोट्या काढल्या.

“काय झालं? असा पांढराफटक का पडलास?”

“ताई, तू ऐक.”

“काय ऐकू? तार कशालाच लावलेली नाही. कानसेन, मला आता तुझ्या गमती नकोत…”

“ऐक गं. एकदाच.”

ती चिडूनच बसली. मी तिच्या कानात घालून दिल्या. आधी तिच्या कपाळावर आठी होती. मग आठी गेली. मग ताई सरळ बसली, शाळेत बाई वर्गात आल्यावर बसायची तशी, आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला, डाव्या बाजूला, काखेखाली. तिथेच राहिला.

बऱ्याच वेळानं तिनं गोट्या काढून मांडीवर ठेवल्या.

“तिला कुणी सांगितलं?” तिनं विचारलं.

“काय?”

“मग तिला कसं कळलं…” ती कुजबुजली. “माझा रिपोर्ट आलाय, परवा. गाठ आहे. चांगली नाही. कुणालाच सांगितलं नाही मी. तुलाही नाही. म्हणून तर आईची सोय लावायची घाई करत होते. मी नसले तर तू एकटा कसं करशील…”

मी तिचा हात धरला. ती आईकडे बघत होती.

“ते ‘नाही’ मला नव्हतं रे. माझ्यासाठी त्याला नाही म्हणतेय.”

“कोणाला?”

ताईनं मान हलवली. तिला पलीकडचा आवाज ऐकू आला होता, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तो कसा होता हे तिनं आजतागायत सांगितलेलं नाही. “फार शांत आहे,” एवढंच एकदा म्हणाली. तिनं उठून शुश्रूषागृहाला फोन केला आणि गाडी नको म्हणून कळवलं. त्यांनी ‘का’ म्हणून विचारलं असावं, कारण ती म्हणाली, “तिला इथून हलवता येणार नाही. तिचं काम चालू आहे.”

मी पिन परत घ्यायला गेलो तेव्हा आईची मूठ मिटलेली होती. वर्षभर ज्या बोटांना चमचा धरता आला नाही, ती बोटं आम्हा दोघांना उघडता आली नाहीत. जबरदस्ती करायचा धीरही झाला नाही. गोट्या तारेपासून सुट्या होतात, त्या मी काढून घेतल्या, त्या घ्या, इथे आहेत. तार मिळणार नाही. बनवणाऱ्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

तेव्हापासून ताई इथेच राहते. तिच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. गाठ आहे तेवढीच आहे, ना वाढते ना घटते. असं सहसा होत नाही म्हणतात. उपचार चालू आहेत. ती जेवते, मला टोमणे मारते, आईच्या केसांना तेल लावते.

एकच गोष्ट आहे. ताईचा फोन आईच्या उशाशी असतो. रोज तो एकदा वाजतो. पडद्यावर नंबर नसतो, नाव नसतं. अर्धी घंटी होते न होते तोच तुटतो, आणि त्याच वेळी आईचा अंगठा पिनेवर दाबला जाऊन नख पांढरं होतं. आम्हाला त्याची सवय झाली होती. सवय कशाचीही होते.

आज तुम्ही यायच्या जरा आधी घंटी पूर्ण वाजली. मग दुसरी सुरू झाली, आणि बरीच लांबली, तेव्हा कुठे तुटली. आईच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

म्हणून ताई तुम्हाला भेटायला बाहेर आली नाही, राग मानू नका. ती आत पलंगाशी बसलीय, आणि आईच्या अंगठ्यावर तिनं स्वतःचा अंगठा दाबून धरलाय.