“बंद?”

तो मोबाइल ठेव खाली आणि दार लोटून घे. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या घरात घडलेली आहे. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं.

गेल्या वर्षी, चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी मेव्हण्याने मला बल्ब आणायला पिटाळलं. साधा, तारेचा, जुन्या पद्धतीचा. सगळा बाजार पालथा घातला. जिथे जावं तिथे ते मेले एलईडी. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावरून एक काढून दिला, तोही उपकार केल्यासारखा.

मेव्हणा लिफ्ट दुरुस्त करतो. हौस मात्र व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांच्या ॲम्प्लिफायरची. वर्षभर खपून त्याने एक स्वतः बांधला होता आणि आता त्याला पहिल्यांदा वीज द्यायची होती. ते काम जिवाशी खेळ असतं रे. आत साडेतीनशे व्होल्ट. हात लागला की संपलं. म्हणून आधी व्हॉल्व्ह न बसवता, मध्ये बल्ब जोडून वीज देतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून विझतो.

दुसरा नियम माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा. त्यांची उभी हयात वीजकेंद्रात गेलेली. मेव्हणा असलं काही करायला बसला की ते दाराजवळच्या स्विचपाशी स्टूल टाकून बसायचे. आत हात घालण्याआधी याने विचारायचं, “बंद?” त्यांनी स्विच बघून सांगायचं, “बंद.” मगच हात. मेव्हणा वैतागायचा, पण विचारायचा. सासरे जूनमध्ये गेले. मग तिथे बसणार कोण? मेव्हण्याच्या बायकोने साफ सांगितलं, मला तुमचं मरण बघायला बसवू नका. त्या दिवशी ती मुलांना घेऊन माहेरी गेली होती.

मी बल्ब देऊन घरी आलो. पुढचं त्याच्या तोंडून ऐकलेलं.

बल्बने त्याचा नुसता छळ मांडला. वीज दिली की लख्ख. टेबलाला धक्का लागला की विझे. याने खूश होऊन मीटर उचलावं, तर पुन्हा लख्ख! सगळे सांधे तपासले, सोल्डरिंग आयर्नने पुन्हा डाग दिले, तरी तेच. चहा गार झाला, पाठ मोडून आली. एक वाजून गेला. शेवटी त्याचं डोकं फिरलं. त्याने ॲम्प्लिफायरला एक सणसणीत टपली हाणली आणि प्लग खसकन उपटला. बल्ब विझला. पक्कड घेऊन तो आतल्या वायरीवर वाकला.

आणि सवयीने तोंडातून गेलं...

“बंद?”

मागून... दाराकडून...

“चालू.”

हात थांबला. वायरीपासून बोटभर. मान वळेना. नजर तेवढी खाली गेली. डाव्या हातातला प्लग... त्याची वायर...

ती सोल्डरिंग आयर्नची होती. ॲम्प्लिफायरचा प्लग जागेवरच होता. बल्ब विझला होता तो टपलीने.

घरात कोणी नव्हतं. कडी आतून.

मागे... टक्.

टेबलावरचा दिवा गेला. सगळं त्या एकाच स्विचवर होतं.

अंधार...

“बंद.”

आवाज कोणाचा होता, ते त्याने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

उजाडेपर्यंत तो तसाच बसून होता. सकाळी मला बोलावलं. मी स्विच दाबून पाहिला, वीजच नाही. वायरमनला आणलं. मे महिन्यात घर रंगवलं तेव्हा रंगाऱ्याने स्क्रूंसकट तो बोर्ड रंगवून टाकला होता. रंग कुठेही तडकलेला नव्हता. वायरमनने ब्लेडने कापून झाकण काढलं.

आत स्विचची वायर सुटलेली. सुटलेली कसली, सोडवलेली. टोकाला काळी टेप, घट्ट, नीट गुंडाळलेली. वायरमनने तिला बोट लावलं. टेप ताजी होती.

जोडू का, म्हणून त्याने विचारलं.

मेव्हण्याने झाकण उचलून परत बोर्डावर ठेवलं.

“नको,” तो म्हणाला. “बाबा बंद म्हणालेत.”