बोस्टनसाठी शिवलेले बूट

"कुणाची वाट बघतेस?"

"बुटांची."

ओढ्यात पाय सोडून बसलेल्या गोबनेटनं वळूनही पाहिलं नाही. घरात बुटांचा जोड एकच. तो घालून आई सकाळच्या पहिल्या प्रार्थनेला जायची आणि परतताना इथं उतरवायची. मग गोबनेट पायांचा चिखल धुऊन तो चढवायची आणि दुसऱ्या प्रार्थनेला पळायची. देवाला अनवाणी पाय चालत असतील. पाद्र्याला चालत नसत—त्याचे बूट पुसायला बाई होती.

"पाय छान आहेत..."

"तू कोण रे, पाय बघणारा?"

"फिनीन. फिरता मोची. कामच आहे ते माझं."

आता मात्र तिनं पाहिलं. केसांवर भुरभुर पाऊस, ओठांत दाबलेलं हसू.

त्याच आठवड्यात आईनं त्याला बूट शिवायला घरी बसवला. बोस्टनहून मावशीनं गोबनेटसाठी जहाजाचं तिकीट पाठवलं होतं, आणि परमुलखात पोरीला अनवाणी कशी पाठवणार? फिनीन चुलीपाशी बसून शिवायचा, बटाटे खायचा, आणि पुन्हा पुन्हा माप घ्यायचा.

"कालपासून पाय वाढला का माझा?"

"नाही... पण चुकायला नको."

बूट हातात आले तसे तिनं उलटे केले. तळाला खिळेच खिळे—आयर्लंडातल्या केरीच्या डोंगरातल्या चिखलात पाय रोवणारे.

"शहरातल्या फरशीवर यांनी मी घसरून पडेन."

"हं."

"मुद्दाम केलंस!"

त्याचे कान लाल झाले.

"जायचं की नाही ते मी ठरवणार, तुझे खिळे नाहीत. काढ!"

पकडीनं एकेक खिळा निघाला. शेवटच्यापाशी हात अडला. "राहा ना, गोबनेट..."

"हे आधी तोंडानं बोलायचंस!" पण इथं होतं काय? जमीनदाराचं शेत आणि आईबरोबर वाटून घातलेले बूट. "मी जाणार."

निघाली तीही अनवाणीच, नवे बूट गळ्यात अडकवून. बंदरापर्यंतचा चिखल त्यांना कशाला दाखवायचा? जाणाऱ्याच्या मागे जुना बूट फेकतात, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. आई आपल्या एकुलत्या एका जोडाकडे बघत राहिली. फिनीननं स्वतःच्या पायातला काढला आणि भिरकावला. तो गोबनेटच्या पुढ्यात पडला.

तिनं उचलून काखेत मारला.

"अगं, तो तिथंच टाकायचा असतो!" आई ओरडली.

"माहितीये." तिनं एका पायात बूट घालून उभ्या असलेल्या फिनीनकडे पाहिलं. "दुसरा घेऊन बोस्टनला ये. तोवर लंगड!"