रमिलाचा वाटा

गेल्या श्रावणातली गोष्ट सांगते. रविवारी आमच्या खानदेशची कानबाई देवी घरात बसायची होती, म्हणून शुक्रवारी सकाळीच सूप आणि पाटी घेऊन मी रोटाचे गहू मोजायला ओट्यावर बसले. काम साधं असतं. घरातल्या एकेका माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे. त्याचं पीठ घरीच दळायचं, रोट म्हणजे जाड पोळ्या भाजायच्या, ते रोट कानबाईला दाखवायचे आणि घरातल्यांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. पौर्णिमेच्या आत संपवायचे. उरलेच तर खड्डा करून पुरायचे.

पूर्वी फक्त पुरुषांच्या नावाने मोजायचे. दळणार बायका, चुलीपुढे डोळे फोडून घेणार बायका, आणि मोजायचे तेवढे पुरुष. सासू गेली त्या वर्षी मी ते बंद केलं. भाऊबंदांनी तोंडं वाकडी केली. मी म्हटलं, वाकडी तोंडं घेऊनच जेवायला या. तेव्हापासून आमच्या घरात बायकांचीही मूठ निघते.

मुलगा अमृत, सून दामिनी, नात भूमिका आणि मी. चार माणसं. तोंडाने दामिनीशी बोलत होते आणि हात आपल्या सवयीने चालत होता. माणशी एक रोट असतो. भाजून झाले, परातीत मांडले, तेव्हा दामिनी म्हणाली, "आई, पाच झाले."

पाचवी मूठ रमिलाची होती.

रमिला माझी धाकटी जाऊ. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. चाळीस वर्षं आम्ही एका चुलीवर भांडलो. ती वैशाखात गेली, आणि माझ्या हाताला ते अजून कळलं नव्हतं.

तिला हौस एकच, भटकायची. गावातून लग्नाचा टेम्पो निघाला की ही आधी आत जाऊन बसलेली. वऱ्हाड कोणाचं, ते नंतर विचारायची. यात्रेला नेलं तर परतीची बस डोळ्यांसमोरून सुटायची आणि ही म्हणायची, "इतलं दखी लेऊ, मंग जाऊ." एवढं बघून घेऊ, मग जाऊ. तिच्या पायी मी तळोद्याच्या स्टँडवर दोन रात्री काढल्या आहेत. भूमिका तिच्याच कडेवर वाढली. मला मोठी माय म्हणायची आणि तिला धाकली माय. "धाकली माय, तुला विमानाने नेईन," असं पोरीने तिला शब्द दिला होता.

तर तो पाचवा रोट. रीतीप्रमाणे पुरायला हवा होता. पण तूप घातलेलं, खरपूस भाजलेलं अन्न मातीत घालायचं माझ्या जिवावर आलं. पंधरा दिवसांनी भूमिका शिकायला स्पेनला निघाली. सिंचनाचा दोन वर्षांचा अभ्यास, शिष्यवृत्ती स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली. मी तो रोट स्टीलच्या डब्यात घातला आणि तिच्या बॅगेत टाकला. घरचंच माणूस खाणार आहे, मग चुकलं कुठे, असं मी मनाशी म्हटलं. रोट कोणाच्या नावाचा आहे, ते पोरीला सांगितलं नाही.

आमचं घर प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीकाठी, केळीच्या बागेत आहे. फोनला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी येते. रोज दुपारी एकच्या सुमाराला मी तिथे जाऊन बसायची. तिकडे तेव्हा सकाळ असते. कॉलेज सुरू व्हायला महिना होता, म्हणून भूमिका फिरायला निघाली होती.

"मोठी माय, हे बघ." तिने फोन खिडकीकडे फिरवला. लाल माती, आणि त्यात ऑलिव्हची झाडं, रांगेने, नजर पोचेल तिथपर्यंत. "चार तास झाले, हेच चाललंय."

"ठिबक आहे का?"

"आहे."

"मग बघण्यासारखं आहे."

ती खो-खो हसली. मग म्हणाली, "एक गंमत सांगू? बस कितीही भरलेली असो, माझ्या शेजारची जागा रिकामीच. लोक येतात, जागेकडे बघतात, माफी मागतात आणि जाऊन उभे राहतात."

"आंघोळ करतेस ना?"

"मोठी माय..."

मीही हसले. त्या दिवशी हसण्यासारखंच होतं ते.

चार दिवसांनी ती ग्रानाडा शहरात होती. डोंगराच्या उतारावर पांढरी घरं, दारात संत्र्याची झाडं. उतरायला एका म्हातारीकडे खोली घेतली होती. मागे टेबलावर न्याहारी मांडलेली दिसत होती. पाव, टोमॅटो, कॉफीचे दोन कप.

"दुसरा कप कोणाचा?" मी विचारलं.

"घरमालकीण रोज दोन ठेवते. मी सांगून थकले. आज हातवारे करून काय म्हणाली, माहितीये? तुझ्याबरोबरची बाई फार चांगली, पहाटे उठून माझं अंगण झाडते." भूमिकाने स्वतःच्या डोक्यावरून पदर ओढल्यासारखं करून दाखवलं. "अशी, म्हणे. म्हातारीला काहीतरी भास होत असणार..."

ती बोलत होती आणि फोनमध्ये तिच्या मागून आवाज आला. टक... टक... टक.

मिश्रीची डबी. झाकण उघडायच्या आधी रमिला ती तीनदा अंगठ्याच्या नखाने वाजवायची. चाळीस वर्षं माझी सकाळ त्या आवाजाने खराब झाली. तो दुसऱ्या कशाचा असणं शक्य नव्हतं.

"भूमिका, मागे कोण आहे?"

"कोणी नाही. का?"

विहिरीपाशी ऊन रणरणत होतं. केळीचं एक पान हलत नव्हतं. माझ्या हातावर काटा उभा राहिला, आणि खोटं कशाला बोलू, लगेच रागही आला. आयुष्यभर जिने बसचं तिकीट माझ्याकडून काढून घेतलं, ती फुकटात स्पेन बघत होती, आणि मी इथे विहिरीवर.

त्यानंतर मी दुपारची वाट बघायला लागले. भूमिकाने फोन फिरवला की मी कोपरे निरखायची. राजवाडे, कारंजी, भर चौकात टाचा आपटत नाचणाऱ्या बाया. पोरगी आनंदात होती. गाल वर आले होते. कधीकधी टकटक व्हायची. मी मनातल्या मनात म्हणायची, बघ बाई, बघून घे.

आमच्या बागेत कामाला दिवलीबाई येते. मोलगीच्या डोंगरातली आहे, माझ्याच वयाची. केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापता कापता मी तिला सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. तिने विळा खाली ठेवला.

"वाटा खाल्ला का पोरीने?"

"नाही. दगड झालाय म्हणाली. डब्यात आहे."

"म्हणजे तिचा वाटा पोरीकडं हाय. वाटा हाय तवर ती ऱ्हाणार." तिने विळा पुन्हा उचलला. "आनि ती घरातून एकली गेली होती ना, वत्सलाबाई? आता तिला सोबत मिळाली. सोबत मिळालेलं माणूस एकलं माघारी जात नाय."

त्या दिवसापासून मला विहिरीवर बसवेना, आणि उठवेनाही.

स्पेन संपलं, भूमिका ग्रीसला गेली. आठ दिवस फिरून परत येणार होती. उघडे दगडी डोंगर, बकऱ्या, खाली निळा समुद्र. "हे तर चैत्रातलं धडगाव," ती म्हणाली. मी म्हटलं, "मग जीपने गेली असतीस, स्वस्तात." ती हसली, पण माझ्याकडे बघत नव्हती. शेजारी कोणीतरी बसलंय, तसं बाजूला बघत हसत होती.

आठाचे दहा दिवस झाले, दहाचे तेरा. कॉलेज सुरू झालं. परतीचं तिकीट वाया गेलं.

"कधी जातेस?"

"जाऊ. उद्या आम्ही अजून एका बेटावर जातोय."

"आम्ही कोण?"

तिला प्रश्न कळलाच नाही. "इतलं दखी लेऊ, मोठी माय," ती म्हणाली. "मंग जाऊ."

माझी नात माझ्याशी अशी अहिराणीत कधी बोलली नव्हती. मी बोलायची, ती मराठीत उत्तर द्यायची. अमृतला सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, पोरगी मजेत आहे, राहू दे." हेच तर भय होतं. ती मजेत होती. कोणी ओढून नेत असतं तर ओरडली असती. ही हसत हसत चालली होती, एकेका बेटाने पुढे.

चौदाव्या दिवशी मीच फोन लावला. वारा होता, उन्हाने पाणी चमकत होतं. धक्क्याला एक लहानशी नाव बांधलेली, म्हातारा नावाडी दोर सोडत होता.

"कुठे निघालीस?"

"ते बघ, तिकडे." लांब पाण्यात एक काळा खडक दिसत होता. "तिथे कोणी राहत नाही. नावाडी नको म्हणतोय, परत आणायला येणार नाही म्हणतोय. पण बघायचंय."

"भूमिका, ऐक. फोन त्या नावेकडे कर, आणि आवाज मोठा कर."

"का?"

"कर."

तिने केला. नाव रिकामी होती. फक्त एका बाजूला कललेली... फळीच्या टोकाला कोणीतरी बसलंय, इतकी. पाणी काठापर्यंत आलं होतं.

मी विहिरीच्या कठड्यावर उभी राहिले. बागेतल्या बाया बघत होत्या. बघू देत.

"रमिला," मी म्हटलं. "ऐकी ऱ्हायनी का? पोरले सोड."

वारा तेवढा वाजत होता.

"तुन्हा वाटा मी पाठवला. चूक मन्ही शे, तिन्ही नही. पोरनं आखो सगळं जगणं बाकी शे. तुले सोबत पाहिजे ना? मंग मी शे ना. चाळीस वरीस भांडनूत, आखो भांडू. तू सांगशी तधळ मी येसू. पण तिले आते माघारी धाड." तू सांगशील तेव्हा मी येईन, असा शब्द मी तिला देऊन बसले.

टक... टक...

तिसऱ्यांदा वाजलं नाही. मग नाव हळूच सरळ झाली आणि धक्क्याची फळी करकरली. नावाड्याने छातीवर क्रूसाची खूण केली, दोर पुन्हा खुंट्याला बांधला आणि मागे सरला.

"मोठी माय," भूमिकाचा आवाज आला. घोगरा, झोपेतून उठल्यासारखा. "आज तारीख काय आहे? मला खूप भूक लागलीये."

मी तिला डबा काढायला लावला. रोट पाण्यात सोड म्हटलं. तो दगड झालेला रोट पाण्यावर तरंगला. वारा किनाऱ्याकडे होता. रोट वाऱ्याच्या उलट्या दिशेने, सरळ, घाई नसल्यासारखा आत आत गेला. दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघी बघत होतो. मग तिथल्या खानावळीत बसून तिने दोन माणसांचं जेवण एकटीने संपवलं, आणि मी इथे विहिरीवर बसून तिचा घास न् घास बघितला. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं जेवण. मी त्यातलं काही खाल्लं नव्हतं, तरीही.

दुसऱ्या दिवशी ती परत फिरली. अभ्यास सुरू झाला. शेजारच्या जागेवर लोक बसायला लागले. यंदा वैशाखात सुट्टीत घरी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती घाबरली नाही. म्हणाली, "विमानात शेजारची जागा रिकामी होती, मोठी माय. मी म्हणाले होते ना, नेईन."

मग तिने टूम काढली. पुढच्या वर्षी तुला नेते, आधी तुझा पासपोर्ट काढू. त्र्याहत्तराव्या वर्षी पासपोर्ट. भाऊबंदांनी पुन्हा तोंडं वाकडी केली. मला इतका आनंद झाला की मी नवं लुगडं घेतलं.

नंदुरबारला तारीख मिळाली. भूमिकाला आत सोडलं नाही, ती बाहेर बाकावर बसली. मी सही केली, ठसठशीत. कागद दिले, हाताचे ठसे दिले. मग एका मुलीने मला पांढऱ्या पडद्यापुढे स्टुलावर बसवलं आणि स्वतः कॉम्प्युटरकडे बघायला लागली. भर दुपार होती. वर पंखा फिरत होता.

"आजी," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "एकेकीचाच फोटो निघतो. तुमच्या बहिणीला जरा बाजूला व्हायला सांगा."

माझ्या मागे पडदा होता आणि पडद्यामागे भिंत. मी मान वळवली नाही.

"बहीण नाही," मी म्हणाले. "जाऊ आहे."

"कोणी का असेना." ती थांबली. "हं, झाल्या बाजूला. आता समोर बघा."

मी समोर बघितलं. डावा खांदा गार पडला होता. माझे ओठ मिटलेले होते, दात दातांवर घट्ट धरले होते.

"आजी, हसू नका," मुलगी म्हणाली. "पासपोर्टला हसलेला फोटो चालत नाही."

मी हसत नव्हते.