मर्कीच्या सात चिठ्ठ्या

"संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्या मिळाल्या नाहीत, तर कालिनाला घरी बसवतो!" तरुण संपादिकेकडे बोट दाखवत संचालक झुबेक कडाडले.

पोलंडमधल्या क्राकुफच्या शब्दकोश कार्यालयातून शब्दांच्या नोंदींच्या सात चिठ्ठ्या नाहीशा झाल्या होत्या. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी पोलिश लोकांचे पूर्वज, स्लाव लोक, गाजराला 'मर्की' म्हणत असावेत. कोणी लिहून ठेवलेलं नाही. गावोगावच्या बोलींवरून जुळवायचं. षष्ठीत त्याचं 'मर्कवे' होई, याचा पुरावा त्या चिठ्ठ्यांत होता.

गुप्तहेर यागोदा स्रोकाबाईंनी खण ओढला. त्यांचा मदतनीस बोगुश मान लांब करून पाहू लागला. त्या बापड्याला गाजर फक्त कोशिंबिरीतलं ठाऊक.

चिठ्ठी नेली की तिच्या जागी सही करून कोरी चिठ्ठी ठेवायची, हा इथला जुना नियम. खणात अशा आठ होत्या. एकीवर कालिनाची सही. बाकी सात बिनसहीच्या. त्यांतल्या दोन चिठ्ठ्यांच्या कडेला जाड काळी रेघ.

"एक मी परवानगीनं नेली, ही बघा," कालिना हातातली चिठ्ठी पुढे करत म्हणाली. "बाकीच्या कशाला नेऊ?"

"शब्द जर्मन शेजाऱ्यांकडून उसना आला म्हणतेस ना? पुरावा नको असेल तुला!" झुबेक म्हणाले.

"मग उगमाच्या चिठ्ठ्या नेल्या असत्या. या तर विभक्तीच्या. शिवाय त्यांचे फोटो संगणकात आहेतच."

"दोन्ही बाजूंचे?" स्रोकाबाईंनी विचारलं.

"मागची बाजू कोण बघतं?"

निवृत्त संपादक लुदोमिर आजोबा खिडकीशी बसले होते. "माझ्या बायकोनं, गेनोवेफानं, गावं हिंडून जमवलेले शब्द ते," ते म्हणाले. "सप्टेंबरात गेली ती. ती शब्द जमवायची तेव्हा कागदाची मारामार होती, बाई. हाती येईल त्या कागदाचे चार तुकडे करायचे आणि पाठकोरी बाजू वापरायची."

"पोरीनंच नेल्यात," बोगुश कुजबुजला.

"बोगुश, तू गाजरंच किसत बस." स्रोकाबाई खुर्ची ओढून आजोबांसमोर बसल्या. पुढचं बोलणं त्यांच्या जिवावर आलं होतं. "पुढच्या बाजूचे फोटो आहेत, म्हणजे नेणाऱ्याला मागची बाजू हवी होती. चोरतानाही त्यानं जागा राखली. म्हणजे हात इथला नियम अंगवळणी पडलेल्या जुन्या माणसाचा. आणि काळी रेघ आपल्याकडे भिंतीवर लावतात त्या मृत्यूच्या सूचनेची. या कोऱ्या चिठ्ठ्या तशाच सूचना कापून केल्यात. उरलेल्या सूचना कोणाच्या घरी असतील, आजोबा?"

आजोबांनी कोटाच्या आतल्या खिशातून सात चिठ्ठ्या काढल्या आणि मेजावर उलट्या मांडल्या. निळ्या शाईतलं बारीक अक्षर जुळत गेलं.

"गावांहून मला पत्रं लिहायची. मीच कापली. आता घरात तिच्या हातची ओळ नाही. दुसऱ्या पत्राचा शेवटचा तुकडा काही सापडेना."

कालिनानं आपल्याकडची चिठ्ठी उलटून मोकळ्या जागी ठेवली. 'उत्तर पाठव, लुदोमिर. चार ओळी तरी.'

झुबेकांनी मान खाली घातली. "कालिना, तुझं काम चालू ठेव," एवढंच म्हणाले.

"पाठवलंत उत्तर?" बोगुशनं विचारलं. विचारायला नको होतं.

"नाही. येईलच की परत, म्हटलं. कागद वाचवत होतो."

कालिनानं कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. आजोबांनी एक उचलली, पेन उघडलं आणि तशीच हातात धरून बसले.